सुगंधावहिनीची मूठ

ये ग वैशू, अशी पुढ्यात येऊन बस. कागदावर का होईना, पण बस. आधी तुझा कान धरते, मग बाकीचं. परवा तू फोनवर फोटो पाठवलास. तुझ्या हॉलमध्ये दोन माणसं लाकडी घोड्यावर चढलीत, वर पत्र्याच्या पट्ट्या मारल्यात आणि त्यांना पांढरेशुभ्र जिप्समचे बोर्ड बसवताहेत. खाली लिहिलंस, 'मावशी, जुनं छत झाकलं एकदाचं, रोज पोपडे पडत होते.' पोपडे पडत होते ना? मग आधी ते पाडून घ्यायचे, मग झाकायचं. वर कुणी ठोकून बघितलं का, एवढंच मी विचारलं, तर तू अंगठा पाठवलास. अंगठा म्हणजे हो की नाही? मी चौथीपर्यंत शाळेत गेलेली बाई. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्या सोडवून, ते कागद वाचून शिकले. मला अंगठ्याची भाषा येत नाही. मला मुठीची भाषा येते. ती जिच्याकडून शिकले तिच्याबद्दल आज सांगणार आहे. फोनवरच सांगितलं असतं, पण माझं बोलणं रंगात आलं की तुला नेमका दुसरा फोन येतो. म्हणून लिहिते. चहा घेऊन बस आणि सगळं वाच.

सुगंधावहिनी तुला आठवते का? भिवंडीत, कामतघरच्या चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. उंच, काटकुळी, मान नेहमी जराशी कलती. तू लहानपणी सुट्टीत यायचीस तेव्हा तुला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी द्यायची, आणि तू हात चाटत माझ्याकडे येऊन सांगायचीस की शेजारची काकू सारखी पंख्याकडे बघते. पंख्याकडे बघत नव्हती ग. छताकडे बघायची.

कुठल्याही घरात गेली की ती आधी वर बघायची आणि मग माणसांकडे. बारशाला गेली, वर बघितलं. हळदीला गेली, वर बघितलं. नवरा-नवरी राहिली बाजूला, हिचं लक्ष हॉलच्या कोपऱ्यातल्या ओलीवर. मग कुणाला काही न सांगता दोन खुर्च्या उचलून इकडच्या तिकडे करायची आणि म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून दुसरीकडे बसवायची. नवीन राहायला आली त्या दिवशी माझ्याकडे विरजण मागायला आली. विरजण राहिलं, माझ्या खाटेकडे बघून म्हणाली, "ताई, हितं नका निजू."

मी म्हटलं, "का ग बाई?"

"वर बरं न्हाय. खिडकीशी घ्या खाट."

आणि स्वतःच खाटेचं एक टोक उचललं. मग मला दुसरं उचलावंच लागलं. आता खरं सांगू का, त्या जागेवर आजपर्यंत काहीही पडलेलं नाही. पण मी खाट परत तिथे ठेवली नाही.

दुसरी तिची गोष्ट म्हणजे तिचा आवाज. आमच्या चाळीच्या मागच्या भिंतीला लागून कापड विणायच्या लूमचा कारखाना होता. खटखट, खटखट, दिवसाच्या शिफ्टला आणि रात्रीच्या शिफ्टलाही. तुम्ही बाहेरून आलेली माणसं डोकं धरून बसता, पण भिवंडीत जन्म गेलेल्या माणसाला लूम ऐकूच येत नाहीत. बंद पडले की ऐकू येतात. फक्त आमचा आवाज तेवढा चढलेला असतो. आमच्याकडे समाचाराला गेलेल्या बायकासुद्धा ओरडून धीर देतात. अशा गावात ही बाई हळू बोलायची. बोलायची कमी आणि हात जास्त हलवायची. मीठ हवं असेल तर दोन बोटं चोळून दाखवायची. पाणी आलं असेल तर दारात येऊन मनगट वाकडं करायची. नवऱ्याला जेवायला बोलवायचं असलं की तिचा हात तोंडाशी जायचा. सुरुवातीला मला वाटलं, नवरा-बायकोचं भांडण आहे, म्हणून भिंतीपलीकडून एक शब्द येत नाही. मग लक्षात आलं, भांडतात तेही हातांनीच. भांडी तेवढी आपटतात.

तिचा नवरा हिरामण. मी त्याला भाऊ म्हणायचे, म्हणून ती माझी वहिनी, एरवी माझ्याहून धाकटीच. दोघं अंबाडीच्या पुढच्या एका गावची, कुणब्याची. हिरामणभाऊची सगळी जवानी लूमवर गेली. मग मंदी आली, शेठने लूम भंगारात काढले, आणि हा एका उस्तादाच्या हाताखाली सीलिंगचं काम शिकला. जुनी घरं, जुनी छतं, त्यांच्यावर पट्ट्या ठोकून बोर्ड बसवायचे. हात चांगला होता. दोन बोर्डांमधला सांधा असा भरायचा की बोट फिरवलं तरी कळू नये. पण लूमने त्याचे कान खाल्ले होते. अगदी ठार बहिरा. हे कुणाला माहीत नव्हतं, कारण तो कधी 'काय?' असं विचारायचाच नाही. कुणी काहीही बोललं की हसायचा आणि म्हणायचा, "बराबर हाय." चाळीत त्याचं नाव होतं, फार गोड माणूस, कुणाला नाही म्हणत नाही. एकदा मी विचारलं, "भाऊ, आज मटण केलंय वाटतं?" तर म्हणाला, "बराबर हाय, उद्या सकाळी लावतो." मी हसले. मला वाटलं, थट्टा करतोय.

मला कळलं ते त्याने माझ्या खोलीचं छत केलं तेव्हा. तुझे काका तेव्हा हयात होते, त्यांनीच ठरवलं. हिरामणभाऊ सामान घेऊन आला, आणि मागून वहिनी आली. मी म्हटलं, ही डबा घेऊन आली असेल. कामतघरच्या बायका तिला चिडवायच्या की ही नवऱ्याला एकटं सोडत नाही. "सुगंधा, तुझ्या नवऱ्याला कोण पळवून नेतंय ग?" असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "न्हेल तर न्हेल. रात्री घोरायला लागला की परत आणून सोडील."

पण त्या दिवशी ती बसली नाही. भाऊ घोड्यावर चढला, हातात वेळूची काठी घेतली आणि छताला ठोकायला लागला. एक वीत सरकायचं, ठोकायचं. एक वीत सरकायचं, ठोकायचं. वहिनी खाली, बरोब्बर त्याच्या समोर, पदर खोचून उभी. मान कलती, डोळे मिटलेले. तो ठोकायचा आणि तिच्या हाताकडे बघायचा. तिने पंजा उघडा धरला की पुढे जायचा. तिने मूठ वळली की थांबायचा आणि कोळशाने तिथे गोल काढायचा. मी दारात उभी राहून बघत होते. हळूहळू मलाही ऐकू आलं. गिलावा स्लॅबला धरून असला की टणटण वाजतो. स्लॅबपासून सुटलेला असला की बद्द वाजतो, तडा गेलेल्या मडक्यासारखा. उघडा पंजा म्हणजे भरीव. मूठ म्हणजे पोकळ. ठोकणारा तो होता आणि ऐकणारी ती.

मग त्याने कोळशाचे सगळे गोल फोडून पाडले. खोलीभर चुना, वाळू, धूळ. माझ्या देव्हाऱ्यावरसुद्धा. आतला खरा स्लॅब दिसेपर्यंत पाडलं आणि त्या स्लॅबमध्ये ड्रिल करून पट्ट्या अडकवल्या. मी कुरकुरले, "अहो भाऊ, झाकायचंच आहे तर एवढं फोडता कशाला?"

"बराबर हाय," तो म्हणाला.

वहिनीने मला बाजूला घेतलं. "ताई, बोर्ड गिलाव्याला टांगला आन् गिलावा कशाला टांगलाय? कशालाच न्हाय. मग तो पडंल तवा एकला न्हाय पडायचा, बोर्डासंगट पडंल." आणि मग माझ्याकडे निरखून बघत राहिली, कारण मी हात बघितले होते. म्हणाली, "कुनाला बोलू नका. भैऱ्या माणसाला वरचं काम कोन देईल?"

मी नाही बोलले. तिचा सगळा संसार त्या एका गोष्टीवर उभा होता.

आता ही मुद्द्याची गोष्ट. ठोकायचं काम ते दोघं फक्त शुक्रवारी करायचे. आपल्याकडे शुक्रवारी लूम बंद. त्या एकाच दिवशी छत ऐकू येतं. बाकी पट्ट्या मारा, बोर्ड लावा, कधीही. पण लोक विचारायचे, शुक्रवारच का? आम्हाला घाई आहे, मंगळवारी चालू करा. खरं कारण कसं सांगणार? सांगितलं तर लगेच पुढचा प्रश्न, मग तुझी बायको कशाला लागते? म्हणून वहिनीने काढलं, "आमच्या देवीचा वार हाय. वज्रेश्वरीला बोललोय, शुक्रवारशिवाय काम धरायचा न्हाय." आणि खरं वाटावं म्हणून जाताना एक नारळ न्यायची. तो आधी कानाशी धरून टिचकी मारून बघायची. लोकांना वाटायचं पाणी बघते. ती कान बघायची, स्वतःचा. आज बरा आहे ना, म्हणून.

आणि ग वैशू, काय सांगू, लोकांनी ते उचललं. कामतघरात, अगदी पुढे बाजारापर्यंत, सीलिंगचा मुहूर्त शुक्रवारचा असं होऊन बसलं. दुसरे कारागीरसुद्धा शुक्रवारी नारळ फोडायला लागले. यूपीचा एक जण तर मला म्हणाला, "चाची, जुम्मे के दिन सीलिंग का काम अच्छा होता है, आपके यहाँ की देवी का दिन है." नारळ सगळ्यांनी घेतला, वार सगळ्यांनी घेतला. ठोकून बघणं कुणी घेतलं नाही, कारण ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. वहिनीला मी हे सांगितलं तेव्हा आधी ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "ताई, हे वंगाळ झालं."

पुढचं मला तिनेच नंतर सांगितलं, पण तुला आत्ताच सांगते, म्हणजे तुझा गोंधळ होणार नाही. एका शुक्रवारी तिने नारळाला टिचकी मारली आणि तिला काही ऐकू आलं नाही. दुसरा घेतला. तोही तसाच. मागच्या भिंतीपलीकडच्या लूमने नवऱ्याचे कान खाऊन झाल्यावर आता हिचे घेतले होते, हळूहळू, घरात बसून. नवरा कारखान्यात गेला होता, ही कुठे गेली होती? पोळपाटाशी बसली होती.

तिने हे त्याला सांगितलं नाही. सांगून करणार काय? दोघांत मिळून एकच कान होता. तो गेला म्हटल्यावर काम गेलं. एक मुलगी होती, लग्न करून दिलेली, तिच्या घरीच तंगी. लूमवर परत कुणी घेत नव्हतं. म्हणून ती जात राहिली. छताखाली उभी राहायची, मान कलती, डोळे मिटलेले, पहिल्यासारखीच. आणि मूठ दाखवायची. दरवेळी मूठ. जिथे ऐकूच येत नाही तिथे पंजा कसा उघडायचा? चुकून भरीव म्हटलं आणि कुणाच्या पाळण्यावर पडलं तर? तिने ठरवून टाकलं, आपल्याला सगळंच पोकळ.

मग काय व्हायचं, हिरामणभाऊ अख्ख्या छतावर कोळशाचे गोल काढायचा आणि अख्खं छत पाडायचा. लोक वैतागले. एवढी धूळ, एवढी मजुरी, एवढा राडारोडा उचलायचा कुणी? दुसरा कारागीर येतो, वर नुसत्या पट्ट्या मारतो, नारळ फोडतो, दोन दिवसांत छत गुळगुळीत. याला बोलावलं की घर खणून ठेवतो. कामं सुटायला लागली. आणि भाऊलाही राग यायला लागला. तो घोड्यावर असायचा, हाताला कळायचं त्याला थोडंफार. काठीतून हात सांगायचा की इथे घट्ट आहे, आणि खाली बघावं तर हिची मूठ. मी त्यांना जिन्यात भांडताना बघितलंय. तो मूठ वळून तिच्यासमोर नाचवायचा, मूठ, मूठ, मूठ, आणि मग दोन्ही हात झटकायचा. ती खाली बघत उभी. ऐकू न येणारी दोन माणसं जिन्यात भांडत होती, आणि आजूबाजूने पाण्याच्या कळश्या घेऊन माणसं चढत-उतरत होती. कुणाला आवाज नाही, म्हणून कुणाला पत्ता नाही.

एकदा मी म्हटलं, "वहिनी, जरा बरी जागा असेल तिथे पंजा दाखव की."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझे शब्द तिला ओठांवरून कळले असतील नसतील. म्हणाली, "बरी जागा मना म्हाईत असती तर दाखवली असती."

मला तेव्हा वाटलं, कामाला कंटाळली म्हणून बोलते.

आता शेवटच्या कामाचं. त्या घरवाल्यांचं नाव घेत नाही, त्यांनाही पुढे फार सोसावं लागलं. आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे, तळमजल्याचं जुनं घर, शेजारीच लूम. मुलीचा साखरपुडा तोंडावर आलेला. छताचे पोपडे पडून पाहुण्यांच्या ताटात जायचे, म्हणून घाईघाईने बोर्ड मारून घ्यायचे होते. शुक्रवार लांब होता, थांबायला तयार नाहीत. हिरामणभाऊला कित्येक दिवसांत काम नव्हतं. मधल्या वारी गेला. लूम जोरात चालू. वहिनी पाठोपाठ गेली.

ती खाली उभी राहिली आणि तिने मूठ वर केली. त्याने ठोकलं नव्हतं अजून.

त्या घरातली म्हातारी आधीच बिथरलेली. शुभकार्याचं घर, आणि ही बाई काही न बोलता छताखाली उभी राहून मूठ दाखवते. तिने आरडाओरडा केला, "ही कसली मूठ? मूठ मारते का माझ्या घरावर? हिला आधी भायेर काढा." घरवाला भाऊला म्हणाला, "हे बघा, फोडाफोडी करायची नाही. वर नुसते बोर्ड मारायचे. जमत असेल तर बोला." भाऊने वहिनीकडे बघितलं. तिची मूठ तशीच. त्याने घरवाल्याकडे बघितलं, हसला आणि म्हणाला, "बराबर हाय." आणि वहिनीला हाताने खूण केली, बाहेर जाऊन बस.

ती गेली. ओट्यावर बसली. का गेली, असं मी तिला कधी विचारलं नाही. ती नवऱ्याचं ऐकणारी बाई नव्हती. पण इतके दिवस ती खोटी मूठ दाखवत होती, तिलाही माहीत होतं. त्या दिवशीची खरी की खोटी, हे तिलाही कळत नव्हतं. मग कशाच्या जोरावर भांडणार?

त्याने पट्ट्या गिलाव्यात ठोकल्या. बोर्ड चढवले. उरलेला सगळा दिवस काम नीट चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो घोड्यावर बसून सांधे भरत होता. घरातल्या सगळ्यांना आधी वरून आवाज आला. कडकड, कडकड, जशी वाळकी फांदी मोडावी. लूमच्या वरून ऐकू आला म्हणजे केवढा असेल. सगळी माणसं बाहेर पळाली. म्हातारीलासुद्धा उचलून आणली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सगळी दारातून ओरडत होती, "हिरामण, उतर, उतर."

ज्या मुलीचा साखरपुडा होता तिने मला हे सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि हसले. मग आमची तोंडं बघून काहीतरी उमगलं असावं, कारण त्यांनी पटकन खाली बघितलं. घोड्याच्या समोर, जमिनीकडे. तिथे कुणीच नव्हतं. रिकाम्या जागेकडे काय बघत होते कोण जाणे."

मला कळलं ते कुठे बघत होते. तो तिचा हात बघत होता.

सगळं एकदम खाली आलं. बोर्डांनी गिलावा एकसंध धरून ठेवलेला, त्यामुळे तुकडे तुकडे न पडता सगळा थरच्या थर आला. वहिनी त्याही दिवशी ओट्याच्या टोकाला, दाराकडे पाठ करून बसली होती. तिला पडल्याचंसुद्धा ऐकू आलं नाही. ओटा हादरला तेव्हा ती उठली.

भाऊचं मयत चाळीत आणलं तेव्हा मागचा कारखाना चालूच होता. कुणीतरी जाऊन सांगितलं, मग बंद झाला. आणि शुक्रवार नसताना शुक्रवारसारखं सगळं गप्प झालं. बायकांना आपलेच हुंदके ऐकू यायला लागले आणि त्या बिचकल्या. वहिनी तेवढी बिचकली नाही. तिला काय फरक? मी तिच्याजवळ बसले, तिच्याशी काहीबाही बोलत होते, आणि ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "ताई, मना आयकू येत न्हाय. नारळपन न्हाय." मग सगळं सांगितलं, जे तुला वर सांगितलं. शेवटी म्हणाली, "एकदा तरी पंजा दाखवला असता, तर त्याचा माझ्या मुठीवर भरोसा राहिला असता." असं नाही, असं मी म्हणायला गेले, पण ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. मग कुणाला सांगणार?

त्यानंतर ती वर बघायची बंद झाली. खोलीत यायची ती जमिनीकडे बघत. माझ्याकडे आली की माझी खाट कुठे आहे हेसुद्धा बघायची नाही. पोलिसांचे फेरे झाले, मग मुलीने नेलं, मग मुलीकडे जमेना म्हणून भावाकडे गावी गेली. खोली रिकामी झाली. भिंतीपलीकडे पूर्वीही आवाज नसायचा, तरी मला नवीन शांतता कळायची.

मी तिला शेवटची बघितली ती अंबाडीला. माझे गुडघे धरलेले, म्हणून वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेले होते. येताना मुद्दाम अंबाडीला उतरले, कुणाकडे तरी तिची चौकशी करावी म्हणून. चौकशी करावी लागली नाही. नाक्यावरच बसली होती, भावाच्या मळ्यातली भाजी घेऊन. माठ, मुळा, दोन-चार काकड्या. फार खंगली होती. मी समोर जाऊन बसले. तिने ओळखलं, माझा हात हातात घेतला, तळव्यावरून अंगठा फिरवला. आणि परत खाली भाजीकडे. मी बोलले, तुझं सांगितलं, वैशूचं लग्न झालं, कल्याणला असते. तिने मान डोलावली. ऐकून नाही, माझी मान हलली तशी तिची. जेवलीस का, म्हणून मी हात तोंडाशी नेला. तेव्हा मात्र जरा हसली आणि एक काकडी माझ्या पिशवीत कोंबली. वर बोट करून आभाळ दाखवलं आणि म्हणाली, "हितं बरं हाय. वर काय न्हाय."

मग माझ्या भिवंडीच्या गाडीची वेळ झाली म्हणून मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. ऊन कडक, म्हणून तिथल्या जुन्या शेडखाली जाऊन उभी राहिले. आणखीही चार माणसं होती. मध्ये रस्ता, वाडा गावाकडे जाणारे टेंपो, ट्रक, धूळ. एक ट्रक गेला आणि बघते तर वहिनी माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे नाही, माझ्या डोक्याच्या वर. कितीतरी दिवसांनी तिने मान वर केली होती. पहिल्यासारखीच जराशी कलती. आणि तिचा हात वर आला. मूठ.

तिला काय ऐकू येणार रस्त्यापलीकडून? काही नाही. पण मूठ हलेना. मी पिशवी उचलली आणि उन्हात येऊन उभी राहिले. मूठ तशीच. माझी छत्री शेडखालच्या बाकावर राहिली होती, ती आणायला मी वळले, तर ती भाजी सोडून अर्धी उठली. राहू दे म्हटलं छत्री. एका माणसाने ती मला बाहेर आणून दिली आणि म्हणाला, "मावशी, उन्हात काय उभ्या राहता, या की सावलीला." मी त्याला काय सांगणार. तुम्हीही बाहेर या, एवढंच म्हटलं. तो हसला.

मी उन्हात नीट उभी राहिले तेव्हा तिने मूठ सोडली, भाजीवर पाण्याचा हात मारला आणि मान खाली घातली. गाडी आली. पुढच्या पावसाळ्यात तिच्या भावाचा निरोप आला की ती गेली, झोपेतच. अंगणात झोपायची म्हणे शेवटपर्यंत, पावसाला तोंड लागलं तरी आत यायला तयार नसायची.

तर वैशू, ती शेड अजून उभी आहे. पडली नाही. माझ्या जुन्या खाटेच्या जागेवरही काही पडलं नाही. ते मला माहीत आहे, तू सांगायची गरज नाही. तरीही तू त्या कारागिरांना विचार, ठोकून बघितलं होतं का, आणि पट्ट्या कशाला अडकवल्यात, स्लॅबला की गिलाव्याला. त्यांनी 'बरोबर आहे ताई' असं हसून म्हटलं तर दोन बोर्ड उतरवून बघ. तोवर पोराचा पाळणा खिडकीशी घे. मला परत अंगठा पाठवू नकोस.

आणि ये. किती दिवस झाले, तुझा फोटोच येतो. पोराला घेऊन ये, चार दिवस राहा, तोपर्यंत तुझ्याकडचं फोडून-जोडून होईल. या शुक्रवारीच ये, लूम बंद असतात. मला हल्ली थोडं कमी ऐकू यायला लागलंय, आणि तुझा आवाज मला ऐकायचा आहे.